आनाहितच्या नावानं

बोलोन्या शहरात एका निवृत्त सैनिकाच्या घरी रोमन सम्राट ऑगस्टस जेवायला बसला होता. बोलता बोलता त्यानं यजमानाला विचारलं, की रोमन सेनानी अँटनीच्या पार्थियन मोहिमेत पूर्वेकडच्या एका देवीची सोन्याची मूर्ती लुटली गेली, तेव्हा तिच्यावर पहिला हात टाकणारा माणूस म्हणे आंधळा झाला आणि अंग लुळं पडून मेला, हे खरं का? यजमानानं शांतपणे सांगितलं, की तो माणूस मीच. आणि सम्राट या घडीला जेवताहेत ते त्याच देवीच्या पायावर. घरातली सगळी संपत्ती त्या सोन्यातूनच उभी राहिली होती.

हा किस्सा रोमन लेखक थोरल्या प्लिनीनं इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सोन्याविषयी लिहिताना नोंदवला. मूर्ती आतून पोकळ नव्हती, भरीव सोन्याची होती, आणि तिथल्या लोकांना ती देवी अत्यंत पवित्र वाटत असे, हेही त्यानं आवर्जून सांगितलं. रोमनांनी तिचं नाव लिहिलं 'अनाइतिस'. तिचं देऊळ ज्या प्रदेशात होतं त्यालाही त्यांनी तिच्याच नावानं ओळखलं. आर्मेनियन लोक तिला आनाहित म्हणत.

ती आनाहित आज येरेवानमध्ये भाजी घेताना भेटते, शाळेत गणित शिकवते, नातवंडांना रागावते. घरातली माणसं तिला 'आनाहित जान' अशी हाक मारतात. यातला 'जान' आपल्यालाही परका नाही. बैरूत, पॅरिस किंवा लॉस एंजलिसमधल्या पश्चिम आर्मेनियन बोलणाऱ्या घरांत तीच 'आनाहिद' होते. तिचा बाप्तिस्मा झालेला असतो, कपाळावर चर्चचं पवित्र तेल लागलेलं असतं, गळ्यात बहुधा क्रूसही असतो. आर्मेनियानं चौथ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला. परंपरा त्याचं वर्ष ३०१ सांगते, आणि राज्य म्हणून हे पाऊल सर्वांत आधी आपण टाकलं याचा आर्मेनियन माणसाला मनापासून अभिमान आहे. त्या धर्मांतराच्या कथेतली पहिली ठिणगी ज्या देवीवरून पडली, तिचंच नाव हे ख्रिस्ती लोक लेकीला ठेवतात. यात त्यांना काही विसंगत वाटत नाही, आणि का वाटत नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

देवी मुळात आर्मेनियाची नव्हे, इराणची. अवेस्ता या जरथुश्त्री धर्मग्रंथात ती अरेद्वी सूरा अनाहिता म्हणून येते: पाण्याची देवता, निष्कलंक, बलवान, पिकाला ओल देणारी, बाळंतिणीला दूध देणारी. आबान यश्त हे सबंध स्तोत्र तिचं आहे. इराणचे हखामनी सम्राट आपल्या शिलालेखांत आधी एकट्या अहुर मझ्देचं नाव घेत. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात दुसऱ्या अर्तक्षत्रानं त्याच्या जोडीला मिथ्र आणि अनाहिता यांची नावं कोरली आणि तिच्या मूर्ती मोठमोठ्या शहरांत उभ्या केल्या. आर्मेनिया तेव्हा त्या साम्राज्याचा भाग होता. देवी डोंगर ओलांडून आली आणि इथे इतकी रुजली, की भूगोलकार स्ट्रॅबोला वेगळं सांगावं लागलं: इराणी देवतांचा मान मीड आणि आर्मेनियन दोघंही ठेवतात, पण अनाइतिसची भक्ती आर्मेनियनांची विशेष आहे. आरामाझ्द हा देवांचा पिता, आनाहित त्याची कन्या. शौर्याचा देव वाहाग्न आणि प्रेमाची देवता आस्तघिक ही त्याच घराण्यातली. ही चारही नावं लक्षात ठेवावीत. आरामाझ्द हे मुलाचं नाव आज क्वचित सापडतं. वाहाग्न, आस्तघिक आणि आनाहित मात्र आजच्या आर्मेनियात अगदी रुळलेली नावं आहेत.

तिचं सर्वांत मोठं देऊळ येरेझ या गावी होतं. आज त्या जागेला एर्झिंजान म्हणतात आणि ती पूर्व तुर्कस्तानात आहे.

ठिणगी पडली ती तिथे. पाचव्या शतकात आगाथांगेलोसच्या नावावर लिहिलेल्या इतिहासात ती हकिगत सविस्तर आहे. आर्मेनियाचा राजा त्रदात गादी परत मिळवून आला आणि येरेझला जाऊन आनाहितच्या देवळात त्यानं यज्ञ केला. मग नदीकाठी छावणी पडली, पंगत बसली, मद्य फिरू लागलं. राजानं आपल्या सेवेतल्या ग्रिगोर नावाच्या तरुणाला आज्ञा केली, की देवीला पानाफुलांच्या माळा आणि डहाळ्या वाहा. ग्रिगोर लपून ख्रिस्ती होता. त्यानं नकार दिला. राजा चिडला, पण आधी त्यानं समजावलं. ही आमच्या राष्ट्राची शोभा आहे, आम्हाला जगवणारी आहे, आरामाझ्दची कन्या आहे, हिचा मान परके राजेही ठेवतात, असं त्याचं म्हणणं इतिहासकार नोंदवतो. हा इतिहासकार पक्का ख्रिस्ती, देवीचा कट्टर विरोधक. तरी आनाहितविषयीचे सर्वांत जिव्हाळ्याचे शब्द आज वाचायला मिळतात ते त्याच्याच पोथीत. देवळातली स्तोत्रं कुणी लिहून ठेवली नाहीत. विरोधकानं राजाच्या तोंडी घातलेलं बोलणं तेवढं उरलं.

ग्रिगोरचे हाल झाले. मग राजाच्या बापाचा खून करणाऱ्या माणसाचा हा मुलगा आहे, हेही उघड झालं आणि त्याला आर्ताशातच्या अंधारकोठडीत, साप-विंचवांच्या खड्ड्यात टाकण्यात आलं. एका विधवेनं रोज वरून सोडलेल्या भाकरीवर तो सुमारे तेरा वर्षं जगला, असं कथा सांगते. तो खड्डा आज खोर विराप मठात आहे. अरारात पर्वताच्या अगदी समोर, तुर्कस्तानच्या सीमेलगत. यात्रेकरू अरुंद तोंडातून उभ्या लोखंडी शिडीनं खाली उतरतात, उतरताना खांदे दगडाला घासतात, तळाशी मेणबत्त्यांचा धूर कोंडलेला असतो. तिथे नवस बोलणाऱ्या बायकांत आनाहित नावाच्या कितीतरी असणार. ज्या संतानं देवीला माळ घालायला नकार दिला त्याच्या पायाशी त्या गुडघे टेकतात, आणि त्यांच्या मनात कुठलंही द्वंद्व नसतं.

पुढे राजा आजारी पडला, त्याच्या बहिणीला दृष्टान्त झाला, ग्रिगोर बाहेर आला, राजा बरा झाला आणि देशाचा धर्म बदलला. ग्रिगोर 'प्रकाशदाता' ठरला. मग देवळं पडायला लागली. आर्ताशातचं आनाहितचं देऊळ पडलं. येरेझची सोन्याची मूर्ती फोडण्यात आली. अँटनीच्या सैनिकांनी एक नेली होती, भक्तांनी पुन्हा उभी केली असावी, ती आता आपल्याच राजाच्या माणसांनी मोडली. आश्तिशातला वाहाग्न, आनाहित आणि आस्तघिक यांची देवळं होती. तिथे चर्च उभं राहिलं. आनाहितला त्या काळी 'सुवर्णमाता' म्हणत. ती पदवीही गेली.

पण लोकांचं मन राजाज्ञेनं रिकामं होत नाही. आर्मेनियन चर्च १५ ऑगस्टच्या जवळच्या रविवारी मरियमच्या स्वर्गारोहणाचा सण करतं आणि त्या दिवशी द्राक्षांना आशीर्वाद देतं. जुन्या चालीची माणसं तोवर त्या हंगामाचं द्राक्ष तोंडात घालत नाहीत. चर्चच्या अंगणात टोपल्या भरून घड येतात, धर्मगुरू प्रार्थना म्हणतो, आणि मग ते घड कागदी पिशव्यांतून घरोघर जातात. जुन्या आर्मेनियाचं नवसार्द हे नववर्षही ऑगस्टातच येई, पिकाच्या आनंदाचं. म्हणून अभ्यासक या सणात सुवर्णमातेच्या सुगीच्या उत्सवाची सावली पाहतात. मरियम नावाच्या बायकांचा नामदिनही याच सणाला असतो. आई म्हणून जिच्याकडे धाव घ्यायची, पीक आणि मूल जिच्या पदरात घालायचं, ती जागा रिकामी राहिली नाही. तिथे येशूची आई आली.

न्यूयॉर्कच्या आजेमियान कुटुंबात दोन बहिणी होत्या. थोरली मारो पियानो वाजवी, धाकटी आनाहिद व्हायोलिन. दोघी मिळून विसाव्या शतकातल्या नव्या संगीतकारांच्या रचना हिरिरीनं श्रोत्यांपुढे आणत. जॉन केजची 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' ही प्रसिद्ध रचना मारोलाच अर्पण केलेली आहे. मारो हे मरियमचंच लाडकं रूप. एकाच घरात एक मरियम आणि एक आनाहित वाढल्या, एकाच मंचावर शेजारी बसून वाजवू लागल्या. धर्माच्या इतिहासानं एकीला दुसरीच्या जागी बसवलं होतं. आईबापांनी दोघींना सख्ख्या बहिणी केलं.

मुलीचं नाव म्हणून आनाहितला खरा बहर आला तो मात्र धर्मापेक्षा साहित्यामुळे. एकोणिसाव्या शतकात आर्मेनियन लेखक आपल्या ख्रिस्तपूर्व भूतकाळाकडे नव्यानं पाहू लागले. ऑटोमन, रशियन, इराणी अशा तीन सत्तांत वाटले गेलेले हे लोक स्वतःचं राज्य असलेल्या काळाच्या खुणा शोधत होते. टिग्रान, आर्ताशेस, वाहाग्न, आनाहित ही नावं पुस्तकांतून पाळण्यांत उतरू लागली. त्यातच १८८१ मध्ये घाझारोस आघायाननं 'आनाहित' ही कथा लिहिली, आणि देवी कायमची एका मेंढपाळाची मुलगी झाली.

कथा अशी. राजपुत्र वाचागान शिकारीहून दमूनभागून हात्सिक गावच्या झऱ्यावर येतो. पाणी भरणाऱ्या मुलींपैकी एक घागर भरते, ओतून देते, पुन्हा भरते, पुन्हा ओतते. राजपुत्राचा घसा कोरडा पडलेला, सोबतचा सेवक वैतागलेला. शेवटी ती पाणी पुढे करते आणि सांगते: तुम्ही तापून, घामाघूम होऊन आला होता, एकदम गार पाणी बाधलं असतं, म्हणून थोडा वेळ काढला. ती आनाहित. राजपुत्र तिच्यावर जीव टाकतो, मागणी जाते. मुलगी विचारते, नवरा मुलगा हातानं काय काम करतो? राजा आज आहे, उद्या नसेल. हाताला हुन्नर नसलेल्या माणसाशी मी लग्न करणार नाही. राजपुत्र निमूटपणे जरीचं कापड विणायला शिकतो आणि पहिलं विणलेलं वस्त्र तिला पाठवतो.

बरीच वर्षं जातात. वाचागान राजा होतो, वेष पालटून प्रजेत फिरतो आणि एका दुष्ट पुजाऱ्याच्या तळघरात अडकतो. तिथे धरून आणलेल्या माणसांकडून मरेस्तोवर काम करून घेतलं जातं. राजा म्हणतो, मला असं जरीकाम येतं की त्याला सोन्याहून जास्त मोल येईल, पण त्याची खरी किंमत फक्त राणीला कळेल. नक्षीत तो निरोप विणतो. पुजारी हावरेपणानं ते कापड घेऊन थेट राणीपुढे उभा राहतो. आनाहित कापड हातात घेते, वेलबुट्टीतली अक्षरं वाचते, घोड्यावर स्वार होते आणि फौज घेऊन नवऱ्याला सोडवते.

ही कथा वाचली नाही असा आर्मेनियन माणूस सापडणं कठीण. १९४७ मध्ये हामो बेकनाझारियान यांनी तिच्यावर चित्रपट काढला, २०१४ मध्ये तिचा ॲनिमेशनपट झाला. आघायान स्वतः शिक्षक होता, मुलांची पाठ्यपुस्तकं लिहिणारा. त्यानं देवीच्या नावातलं मातृत्व आणि शहाणपण ठेवलं, सोनं काढून टाकलं, आणि हुंड्याऐवजी हुन्नर मागणारी मुलगी उभी केली. त्यानंतर लेकीचं नाव आनाहित ठेवताना आईबापांच्या डोळ्यांसमोर देऊळ असण्याचं कारणच उरलं नाही; झऱ्यावरची ती घागर होती. सोव्हिएत काळात हे नाव आणखी सोयीचं ठरलं. ते आर्मेनियन होतं, अभिमानाचं होतं आणि कुठल्याही चर्चच्या संतयादीत नव्हतं. कादंबरीकार आनाहित साहिन्यान आणि व्हायोलिनवादनासोबत आर्मेनियातल्या गजवाद्यांचा इतिहास शोधणाऱ्या आनाहित त्सित्सिक्यान या विसाव्या शतकातल्या.

त्याच शतकानं या नावाला आणखी एक, फार जड अर्थ दिला. १९१५ मध्ये ऑटोमन सरकारनं आर्मेनियनांना घरादारांतून हाकलून वाळवंटाकडे नेलं. एर्झिंजानचे तांडे युफ्रेटिसच्या काठानं केमाहच्या घळीत नेण्यात आले आणि तिथे हजारो माणसांची कत्तल झाली. ज्या मातीत आनाहितचं मुख्य देऊळ होतं, त्या मातीत आर्मेनियन वस्ती उरली नाही. जे वाचले त्यांनी अलेप्पो, बैरूत, मार्सेय, बोस्टन गाठलं. देवळं, चर्चं, शेतं, आजोबांच्या कबरी सगळं मागे राहिलं. परक्या शहरात जन्मलेल्या मुलीला आनाहिद म्हणणं हे तेव्हा हरवलेल्या प्रांताचं नाव रोज घरात उच्चारण्यासारखंच होतं.

आणि एक चेहरा लंडनला राहिला. १८७२ मध्ये येरेझच्या उत्तरेला, प्राचीन सातालाच्या जागी असलेल्या सादाक गावात एका शेतकऱ्याला जमिनीत ब्राँझचं डोकं सापडलं. हातोहात फिरत ते कलावस्तूंचे व्यापारी आलेस्सांद्रो कास्तेल्लानी यांच्याकडे पोचलं आणि १८७३ मध्ये त्यांच्याकडून ब्रिटिश म्युझियमनं विकत घेतलं. सुमारे ३८ सेंटिमीटर उंच, खऱ्या माणसाच्या डोक्याहून मोठं. मधोमध भांग, लाटा घेत मागे गेलेले केस, सरळ नाक, किंचित विलग ओठ. डोळ्यांच्या खाचा रिकाम्या, कारण त्यात बसवलेले डोळे कधीच निखळून गेले. त्याच ठिकाणचा डावा हातही मिळाला. त्यात वस्त्राचा चुणीदार तुकडा धरलेला आहे. ही ग्रीक ॲफ्रोदितीच्या धाटणीची मूर्ती आनाहितचीच होती का, यावर विद्वानांत एकमत नाही. आर्मेनियन जनतेत आहे. स्वातंत्र्यानंतर १९९५ मध्ये छापलेल्या ५,००० द्रामच्या नोटेवर हाच चेहरा होता. २०१२ मध्ये तो परत मिळावा म्हणून येरेवानमध्ये तरुणांनी सह्यांची मोहीम चालवली. २०२४ च्या सप्टेंबरात ब्रिटिश म्युझियमनं डोकं आणि हात काही महिन्यांसाठी येरेवानच्या इतिहास संग्रहालयाला उसने दिले. त्या प्रदर्शनाचा विषयच होता आनाहितपासून मरियमपर्यंतची मातृदेवता. ग्रिगोरनं जिला माळ घालायचं नाकारलं, तिला पाहायला ग्रिगोरच्या चर्चची माणसं आली. उसनवारीची मुदत काही महिन्यांची, हे मात्र सलणारं आहे. आपल्या लेकींची नावं जिच्यावरून ठेवली, तिचं दर्शन एका पिढीला पाहुण्यासारखं मिळावं, हा न्याय नव्हे.

अनाहितेची पूजा आर्मेनियात थांबली, तरी जगातून थांबली नाही, आणि हे मुंबईइतकं कुणाला ठाऊक नसेल. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ पासूनची. पारशी पंचांगातल्या आवां महिन्यातल्या आवां रोजाला, म्हणजे शहेनशाही गणनेनुसार सध्या मार्चच्या उत्तरार्धात, पारशी कुटुंबं या विहिरीवर येतात, दिवे लावतात, पाण्याची प्रार्थना म्हणतात. ज्या आवां अर्द्विसूरेला ती प्रार्थना पोचते, तीच अवेस्तेतली अनाहिता. पारशी घरांतल्या आवां आणि अनाहिता तिच्याच नावाच्या. विहिरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, फोर्टमधल्या जुन्या मेडोज स्ट्रीटवर, आर्मेनियन व्यापाऱ्यांनी १७९६ मध्ये बांधलेलं सेंट पीटर चर्च आहे. एका ठिकाणी अनाहितेला वंदन, दुसऱ्या ठिकाणी तिला नाकारणाऱ्या संताची परंपरा. आणि मधल्या रस्त्यानं दोन्हीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्यांसारखी ये-जा करत राहिली.

या नावाची इथली गाठ आणखी पक्की आहे. सासानी इराणचा कायदा ज्यात टिकला, तो 'मादिगान-इ-हजार दादिस्तान', म्हणजे हजार न्यायनिवाड्यांचा ग्रंथ, पहलवी भाषेत एकाच हस्तलिखितात उरला आणि ते पारशांच्या हाती होतं. त्याचा मोठा भाग जीवनजी जमशेदजी मोदी यांनी १९०१ मध्ये पुण्यात हुबेहूब छापून घेतला. उरलेला तेहमुरस दिनशा अंकलेसरियांच्या संग्रहातला भाग १९१३ मध्ये मुंबईत निघाला. पहलवी लिपी मुळात संदिग्ध, त्यात कायद्याची आखूड, गाठी मारलेली भाषा. अनेक विद्वान त्या पानांपाशी अडले. १९७३ मध्ये येरेवानहून या ग्रंथाची सबंध संहिता रशियन अनुवादासह प्रसिद्ध झाली. १९९७ मध्ये नीना गारसोयान यांनी तिचं इंग्रजी केलं. तो मजकूर उलगडणारी लेनिनग्राडची इराणतज्ज्ञ आर्मेनियन होती आणि तिचं नाव होतं आनाहित पेरिखान्यान.

त्या ग्रंथात लग्न, वारसा, गहाण, गुलाम, अग्निमंदिरांच्या देणग्या यांचे शेकडो दावे आहेत. त्यातच एक छोटा प्रसंग नोंदलेला आहे. न्यायाधीश कचेरीला निघालेला असताना वाटेत बसलेल्या काही बायका त्याला थांबवतात आणि कर्जाला जामीन राहिलेल्यांच्या जबाबदारीवर एकामागून एक प्रश्न विचारतात. पहिल्या काही प्रश्नांना तो नीट उत्तर देतो. शेवटच्या प्रश्नाला मात्र गप्प उभा राहतो. तेव्हा त्यांतली एक पुढे येऊन सांगते, की उगाच डोकं शिणवू नका, माहीत नाही असं सरळ म्हणा; उत्तर अमुक भाष्यात मिळेल. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईचं नाव ग्रंथात नाही. आघायानला ती भेटली असती, तर तिचं नाव त्यानं आनाहितच ठेवलं असतं.